निरीक्षण विहीर क्रमांक सात

पठारावरची कंपनी बंद पडून एकोणीस वर्षं झाली.
पत्रे गेले, तुळया गेल्या,
गेटवरच्या पाटीवर दोन अक्षरं उरलीत.
खाली सावरखोलच्या वाड्यावर मात्र
ती अजून रोज कामाला येते,
पाण्यातून.

जुझे फुर्तादो धुण्याच्या खात्यात होता.
घड्याळांच्या कड्या तेलातून काढायच्या,
सॉल्व्हंटच्या वाफेत धरायच्या, की लख्ख.
"उरलेलं शेडमागच्या जांभ्यावर ओतायचो," तो सांगतो.
"पाच मिनिटांत सुकायचं.
वाटायचं, उडून गेलं."

थोडं उडालंही.
बाकीचं पाण्याहून जड,
जांभ्याच्या भोकाभोकांतून खाली उतरलं,
चिकणमातीला टेकलं
आणि बसलं,
पाहुण्यासारखं नव्हे,
घरजावयासारखं.

रेमेदियाबायच्या विहिरीचं पाणी किंचित गोड लागायचं.
अख्ख्या वाड्यात असं पाणी नाही, ती मिरवायची.
जुझे तिचा भाचा.
तेच पिऊन शिफ्टला जायचा.

मी बाटल्या भरते.
चाळीस मिलिलिटर, काठोकाठ,
झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची,
आत बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा.
जुझे माझी बर्फाची पेटी चढावरून उचलून आणतो.
पैसे घेत नाही.
का, ते मी विचारत नाही.

ज्यांना आम्ही खाली सोडलं
त्यांचं शास्त्रातलं नाव बोलायला जीभ दोनदा वळवावी लागते.
मी त्यांना मंडळी म्हणते.
एका तळ्याच्या काळ्या गाळातून वाढवलेली,
हवा लागली की मरणारी,
म्हणून पोलादी पिंपात बंद करून आणली.
त्याआधी एकवीस भोकांतून मळी सोडली, पाण्यात कालवून.
बाबुसो ड्रिलवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला,
"म्हणजे जमीन आंबवायची."
बरोबर.
इडलीच्या पिठासारखी. फक्त झाकण उघडून बघायचं नाही.

मंडळी विष खातात असं लोक समजतात.
खात नाहीत.
आपण हवेवर श्वास घेतो, ती त्याच्यावर घेतात.
एका रेणूला चार क्लोरीन चिकटलेले:
एक उपटतात, तीन.
आणखी एक, दोन.
मग एक उरतो,
आणि तिथे थांबून चालत नाही,
कारण तो एकटा आधीच्या सगळ्यांहून वाईट.

नवव्या महिन्यात सातव्या विहिरीत नेमकं तेच.
मी कागद घेऊन पायरीवर बसले.
"म्हणजे होतं त्याहून वाईट?"
"सध्या."
"सध्या म्हणजे किती दिवस गो?"
मला ठाऊक नव्हतं.
तिने टँकरच्या पाण्याचा चहा पुढे केला,
साखर जरा जास्तच घातलेली.

दहावा महिना तसाच.
अकराव्यात पुन्हा मळी सोडली, पुन्हा एक पिंप.
ऑफिसात कुणीतरी म्हणालं, सात नंबर सोडून द्या,
अहवालात सरासरी बरी येईल.
मी सरासरीला कधी पाणी पिताना पाहिलेलं नाही.

चौदाव्या महिन्यात आकडा घसरला.
आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीत,
जिथे आजवर नुसती आडवी रेघ असायची,
तिथे इथीन.
साधा वायू. क्लोरीन एकही नाही.
पेंढ्यात झाकलेले मानकुराद
एकमेकांच्या अंगाला हाच सोडतात
आणि पिवळे होतात.

हे मी रेमेदियाबायला सांगितलं.
ती बराच वेळ विहिरीकडे बघत राहिली.
"म्हणजे आत आंबे पिकतात?"
आणि हसली, कवळी हाताने सावरत.

पाणी अजून प्यायचं नाही.
आणखी वर्ष, कदाचित तीन.
कळशी पालथी आहे,
रहाटाला कोळ्याने जाळं विणलंय.
जुझेने पेटी खाली ठेवली,
कठड्यावर ओणवा झाला, नाक लावून.
"कसलाच वास नाही," म्हणाला,
आणि पुन्हा एकदा वाकला.